शेजारणीच्या गोळ्या

९ जानेवारी

वहिनी,

अक्षर ओळखलंत का? मी तुमची धाकटी नणंद. अकरा वर्षांनी लिहितेय, त्यामुळे सुरुवातीचा नमस्कारसुद्धा गाळलाय. पत्ता चुलतभावाकडून काढला. तो म्हणाला, तुम्ही तिकडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही असलेल्या बायकांचं काम बघता, आणि स्वतःची तब्येतही ठणठणीत ठेवली आहे. ऐकून बरं वाटलं. हे वाक्य मी एकदा खोडून पुन्हा लिहिलंय. माझ्या तोंडी ते शोभत नाही, पण खरं आहे.

काम आहे म्हणूनच लिहितेय, उगाच आडवळण कशाला. आमच्या वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहते. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तिला चौथा महिना सरत आलाय. गरोदरपणाच्या तपासणीत रक्त घेतलं, त्यात निघालं. नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्याने मागच्या वर्षी दाराला आतून कडी घालून तिचं मनगट मोडलं होतं. त्याला हे कळलं तर काय होईल, याचा विचारही नको. तिने फक्त मला सांगितलं. मी उसवलेली बाही घेऊन गेले होते, तेव्हा मशीनवरची मान वर न करता बोलली.

बाळ वाचतं का? कुठे जायचं? नाव मोठ्याने पुकारत नाहीत असं ठिकाण असतं का?

उत्तर घरी पाठवू नका. फोनही नको, आमच्या घरात माझा फोन सगळ्यांचाच असतो. मी शाळेच्या कचेरीत कारकून आहे, तिथल्या पत्त्यावर पाठवा. तिथलं टपाल मीच उघडते.

तुमची,
धाकटी

---

१६ जानेवारी

वन्सं,

अक्षर ओळखलं. तुमचे दादा गेल्यावर महिन्याभरात मला घराबाहेर काढलं, त्यानंतर त्या घरातून आलेलं हे पहिलंच पाकीट. दोन दिवस टेबलावर पडू दिलं आणि मग उघडलं. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते.

आधी बाळाचं. बाळ वाचतं. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, एकही दिवस न चुकवता. आत्ता सुरू केली आणि नीट घेतली, तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी राहते. जन्मल्यावर त्याला काही आठवडे औषध पाजतात, आणि सहा आठवड्यांनी पहिली तपासणी. तुमच्याकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला वेगळी खिडकी आहे. तिथे नंबर पुकारतात, नाव नाही.

आता तुमचं. तिला हाताला धरून कुठे नेऊ नका. खांद्यावर हात ठेवायचा तरी आधी विचारा. बसवाल तिथून तिला दार दिसलं पाहिजे. आणि ‘इतके दिवस सहन का केलंस’ हे चुकूनही विचारू नका. त्याला उत्तर नसतं, विचारणारीला मात्र आपण शहाण्या आहोत असं वाटून जातं. आमच्या बुधवारच्या गटात तीस जणी आहेत. निम्म्याहून जास्त जणींनी आजाराच्या कितीतरी आधी मार खाल्लाय. आजाराचं बोलायला त्यांना महिना लागतो, माराचं बोलायला वर्ष.

आणखी एक, वन्सं. आमच्याकडे पहिल्यांदा येणारी जवळजवळ प्रत्येक बाई शेजारणीसाठीच आलेली असते. मी कधी खोदून विचारत नाही. शेजारणीला सांगा, तिने केव्हाही लिहावं.

वहिनी

---

३० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचूनही मी घोळ घातलाच. खिडकीपाशी गर्दी होती, आमचा नंबर पुकारला, आणि ती आपली जागच्या जागी. मी घाईघाईत तिचं मनगट धरलं. तेच मोडलेलं. ती जी सुटली, ती थेट रस्त्यावर. मी कागदांची पिशवी सांभाळत मागे धावले, पण माझ्या चपलांनी दगा दिला. चार दिवस ती खाली उतरली नाही. पाचव्या दिवशी मी वर गेले, उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि विचारलं, “येऊ का आत?” तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, “असं कोणी विचारत नाही.” दुसऱ्या दिवशी आपण होऊन चालत आली.

गोळ्या सुरू झाल्या. पण तिच्या घरात ठेवता येत नाहीत, नवरा मशीनचे खणसुद्धा उलटेपालटे करतो. म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे बटणांच्या जुन्या डबीत ठेवल्यात. रोज संध्याकाळी आठला ती खाली येते, कधी काडेपेटी मागायला, कधी चमचाभर साखर, आणि पाण्याबरोबर गोळी घेऊन जाते. आमच्या सासूबाई परवा म्हणाल्या, “हिच्या घरात संसार आहे की नुसतं मशीन?”

तुमचा निरोप दिला. तिला लिहायला जमत नाही, म्हणून तिच्या वतीने मीच लिहीत जाईन.

धाकटी

---

१० फेब्रुवारी

वन्सं,

शेजारणीने धीर केला, फार चांगलं झालं. पहिले काही दिवस गरगरेल, वाईट स्वप्नं पडतील, पुढे कमी होतं. तिच्या वतीने तुम्हीच लिहिणार, हेही समजलं. काही हरकत नाही. असंच चालू द्या.

मागे चुलतभाऊ भेटला तेव्हा सहज बोलून गेला होता, की तुमच्या हाताला प्लास्टर होतं. मी काही म्हणत नाही. फक्त महिन्याला दोन ओळी टाकत जा. आमच्या कामात भांडणारी बाई परवडते, गप्प झालेली बाई परवडत नाही.

वहिनी

---

२५ मार्च

वन्सं,

फेब्रुवारीनंतर मी तुम्हाला दोन पत्रं टाकली, तुमची एक ओळ नाही. हे तिसरं. मागच्या वर्षी आमच्या गटातली एक जण अशीच गप्प झाली. मी म्हटलं, येईल आपल्या आपण. ती आली नाही, पोलीस आले, तिची ओळख पटवायला.

न विचारता कोणाच्या दारात जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नव्या मुलींना तो मीच शिकवते. तरीही परवा सकाळच्या गाडीने मी येतेय. रागवायचं तर नंतर रागवा, पण आधी धडधाकट दिसा.

वहिनी

---

९ एप्रिल

वहिनी,

तुमची तिन्ही पत्रं आज एकदम माझ्या हातात पडली. परीक्षांनंतर शाळेला तीन आठवडे सुट्टी होती, कचेरीला कुलूप. त्याआधी पेपरांच्या गठ्ठ्यांत मी बुडालेली, टपाल उघडायचं आणि लिहायचं दोन्ही राहून गेलं. सुट्टीचं तुम्हाला कळवायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि माझा हात न्हाणीघरात साबणावरून पाय घसरून मोडला होता! वहिनी, शेजारीण ही खरोखर शेजारीणच आहे. चांगली जिवंत, वरच्या मजल्यावर राहणारी.

आता झालं ते ऐका. तुम्ही आलात तेव्हा मी माझ्या मुलीला घेऊन बाजारात गेले होते. दार सासूबाईंनी उघडलं. माझ्या लग्नाच्या वेळी त्या आपल्या घरी येऊन गेल्या होत्या, भिंतीवर तुमचा आणि दादाचा फोटो होता, त्यावरून त्यांनी तुम्हाला ओळखलं. तुम्ही दिलेलं बंद पाकीट मी घरी पोचले तेव्हा उघडं होतं. ‘गोळ्या चुकवू नका. घरात सांगायची घाई करू नका. मी आहे.’ एवढं वाचून त्यांनी सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं. मी पिशवी खाली ठेवली तेव्हा डबी ओट्यावर होती, आणि आमचे हे बाजूला उभे होते, गोळ्या कसल्या ते फोनवर शोधून झालेलं. यांनी विचारलं, “कोणाच्या आहेत?”

मी म्हटलं, “माझ्या.”

यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. तेव्हापासून एकच प्रश्न आहे, “कोण तो?” आणि मी गप्प बसले की माझ्याशी बोलणं बंद. मारझोड नाही, ते यांच्या स्वभावात नाही. माझं अंथरूण मागच्या खोलीत, ताट वेगळं, कपडे वेगळ्या बादलीत.

‘माझ्या’ का म्हणाले, तेही सांगून टाकते. तेव्हा तुमचा रक्ताचा रिपोर्ट आईने उघडला असं तुम्ही समजत आलात. आईला इंग्रजी कुठे वाचता येत होतं? पाकीट मी उघडलं. मी बावीस वर्षांची होते, माझं लग्न ठरलं होतं, आणि घरात हा आजार आहे हे बाहेर फुटलं तर ते मोडेल, एवढंच मला दिसत होतं. मी आईला वाचून दाखवलं. एवढंच नाही, “लग्नाआधी हिला पाठवून द्या,” हेही मीच म्हणाले. तुम्ही निघालात तेव्हा मी रडले, आणि तुम्हाला वाटलं वन्संना वाईट वाटतंय.

त्या दिवशी ओट्यापाशी उभी असताना मला ते पाकीट आठवलं. आता दुसरीचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

धाकटी

---

२८ एप्रिल

वन्सं,

पत्र मिळून पंधरा दिवस झाले. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

आधी माझी चूक. बाई सांगते त्यावर विश्वास ठेवायचा, हे मी दिवसभर दुसऱ्यांना सांगते, आणि तुम्ही सांगितलंत त्यावर ठेवला नाही. मला सगळं कळतं असं वाटायला लागलं होतं. शिवाय न विचारता दारात आले, आणि चिठ्ठी कुणाच्या तरी हाती देऊन गेले. तुमचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं ते माझ्यामुळे. माफी मागते.

आता तुमची. मला संताप आलाय. अकरा वर्षं मी माझ्या सासूबाईंवर, तुमच्या आईवर, राग धरून बसले. त्या गेल्याचं कळलं तेव्हा चार तासांच्या अंतरावर होते, आले नाही. त्या दिवशी इथे बसून मी नेहमीसारखी नोंदवही लिहिली, आणि मनात म्हटलं, बरं झालं. आता हे कोणाला सांगू? त्या तर नाहीत. तुम्हाला माफ केलं असं लिहिलं असतं तर पत्र छान दिसलं असतं. केलेलं नाही.

आता कामाचं, कारण बाळ काही आपल्या भांडणासाठी थांबणार नाही. तुम्ही स्वतःची तपासणी करा आणि घरी कागद दाखवून मोकळ्या व्हा. शिवणवालीसाठी मी इथल्या बायकांच्या वसतिगृहात शब्द टाकलाय, बाळंतपणही इथेच करता येईल. तिला विचारा. तिच्या वतीने ठरवू नका.

वहिनी

---

१४ मे

वहिनी,

माफी मी मागितली नव्हतीच. ती मागायचं धाडस नाही.

कागद दाखवला तर पुढचा प्रश्न ठरलेला, “मग कोणाच्या?” आणि आमच्या घरी रोज आठला कोण येतं, हे मांजरालासुद्धा ठाऊक आहे. बातमी वर पोचायला दहा मिनिटं पुरेत. तेव्हा ती इथे आहे तोवर मी गप्पच राहणार.

खरं सांगायचं तर गोळ्यांची आता उलट सोय झालीय. डबी माझ्या उशाशी उघड्यावर असते, तिला कोणी हात लावत नाही. शिवणवाली रोज येऊन माझ्याजवळ बसते, आणि माझ्या तांब्यातल्या पाण्याने गोळी घेते. सासूबाई बाहेरच्या बायकांना सांगतात, “शिवणवालीची कमाल आहे हो, हिच्यापाशी बसायला मन मोठं लागतं.” ती खाली मान घालून हसते. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

हसण्यावारी नेता येत नाही ते एकच आहे. मुलीला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. परवा तिने दाराच्या फटीतून विचारलं, “आई, तू मरणार आहेस का?” मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, “मग तू आत का आहेस?” नऊ वर्षांची आहे. तेव्हा जिभेवर आलं होतं, वहिनी. सगळं सांगून टाकावं, मग वरचीचं जे व्हायचं ते होवो. कशीबशी म्हटलं, “थोडे दिवस. मग मी तुला सगळं सांगेन.” ती गेली, आणि मी तोंडात पदर कोंबून रडले.

शिवणवालीला तुमचं विचारलं. पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मशीन नेता येईल का?”

धाकटी

---

२ जून

वन्सं,

शुक्रवारी दुपारी शिवणवाली पोचली. मशीनही पोचलं, टेम्पोवाल्याच्या शिव्यांसकट. तिचा नवरा कामावर गेल्यावर तुम्ही पाट्यापासून चाकापर्यंत सगळं सुटं करून जुन्या चादरींत बांधून दिलंत, ते इथे जोडताना तिचे हात सराईतासारखे चालत होते. वसतिगृहात तिला कोपऱ्यातली खाट हवी होती, पाठीला भिंत आणि समोर दार. ती दिली.

नवरा शोधतोय असं तुमच्या चिठ्ठीवरून कळलं. तुमच्याही दारात दोनदा येऊन गेला, आणि तुमच्या सासूबाईंनी “आमच्याच घरात काय कमी व्याप आहेत” म्हणून त्याला हाकलला, हे वाचून मला त्या बाईंबद्दल जरा बरं वाटलं. तो तिथे राहतोय तोवर तुमचं गप्प राहणं बरोबर आहे. हे मला आधी कळलं नव्हतं. मुलीचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

वहिनी

---

३० जुलै

वन्सं,

शिवणवालीला मुलगी झाली तो निरोप तुम्हाला तेव्हाच मिळाला. आज सहा आठवड्यांच्या तपासणीचा निकाल आला. बाळाला लागण नाही. दीड वर्षाची होईपर्यंत आणखी तपासण्या आहेत, त्या आम्ही चुकवणार नाही, पण आजचा कागद चांगला आहे. मी तिला तो वाचून दाखवला. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि मग बाळाला दूध पाजायला घेतलं.

तिने निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते: “ताईंना म्हणावं, आता मागच्या खोलीतून बाहेर या. माझं नाव घेतलंत तरी चालेल.”

वहिनी

---

९ ऑगस्ट

वहिनी,

वरचा माणूस मागच्या महिन्यात खोली सोडून गेला. निरोप मिळाल्यावर मी तपासणी करून घेतली, आणि रविवारी सगळे घरात असताना कागद यांच्या हातात दिला. काही नाही असा. गोळ्या कोणाच्या होत्या ते सांगितलं नाही. परवानगी होती, तरीही नाही. एवढंच म्हटलं, “एका बाईच्या होत्या, तिला ठेवायला जागा नव्हती.”

हे कागद हातात धरून खाली बसले. म्हणाले, “चार महिने बोलली का नाहीस?” मी म्हटलं, “तुम्ही चार महिने एकच विचारत होता.” सासूबाईंनी माझं अंथरूण स्वतः उचलून आत आणलं आणि मलाच रागावल्या, “आधी सांगायला काय झालं होतं? उगाच इतके दिवस भांडी वेगळी घासली.” मुलगी त्या दिवसापासून माझा पदर सोडत नाही. तिला सगळं सांगितलं, नाव सोडून. तिने विचारलं, “ती बाई आणि बाळ बरी आहेत ना?” आणि मग खेळायला गेली.

सगळं पहिल्यासारखं झालं. आणि मला रात्रंदिवस एकच गोष्ट छळते, ती लिहिते. त्या खोलीत मी रोज स्वतःला सांगत होते, धीर धर, तुला काही झालेलं नाही, एक कागद दाखवला की संपलं. त्याच्यावरच मी चार महिने काढले. तुम्ही माझ्या माहेरी मागच्या खोलीत महिनाभर होतात, तेव्हा तुम्ही स्वतःला काय सांगत होतात, वहिनी? दादा नुकताच गेला होता, कागद तुमचाच होता, आणि त्यावर जे होतं ते खरं होतं. आजारी होतात म्हणून तर जवळ घ्यायला हवं होतं. मी खोलीच्या दारावरून दिवसातून दहा वेळा जात होते. एकदाही आत आले नाही.

आज माफी मागते. तुम्ही करावी म्हणून नाही, माझ्याकडून मागायची राहिली होती म्हणून.

मला तुमच्या बुधवारच्या गटात यायचंय. चहाचे कप विसळीन, नोंदवही लिहीन, अक्षर बरं आहे. मला आजार नाही, तरी चालेल का?

धाकटी

---

१८ ऑगस्ट

वन्सं,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या खोलीत मी स्वतःला काहीच सांगत नव्हते. बाहेरून पावलं ऐकू यायची, ती मोजत होते. सासूबाईंची जड, तुमची पळती. पळती पावलं दारापाशी जरा हळू व्हायची, आणि मला वाटायचं, आता येतील. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सांगायचं राहिलं होतं. लिहून झाल्यावर पंखा लावून बसले थोडा वेळ.

राग अजून आहे. पूर्वी तो घट्ट होता, आता अधूनमधून आठवतो. याहून जास्त आज लिहिता येत नाही.

गटाचं म्हणाल, तर बाहेरची बाई यायची म्हणजे सगळ्यांना विचारावं लागतं. एकीचीही हरकत असली तर नाही. काल विचारलं. म्हटलं, एक जण आहे, तिला आजार नाही, पण दुसरीच्या गोळ्या स्वतःच्या म्हणून चार महिने घरच्यांचा बहिष्कार सोसून बसली होती. शिवणवालीने बाळाला खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, “त्या गोळ्या माझ्या होत्या.” मग इतर जणींना विचारायची गरज उरली नाही.

तरी आमच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला सगळ्याचा पत्ता हवा असतो, तिने विचारलंच, “पण ही तुमची कोण?”

मी म्हटलं, “माझी नणंद.”

ती म्हणाली, “तुम्ही तर नेहमी सांगता, सासरचं मला कोणी नाही म्हणून.”

“नव्हतं,” मी म्हटलं, “आता एक आहे.” हे बोलले आणि तीस जणींसमोर मला रडू फुटलं. दुसऱ्यांना रुमाल देणारी मी, माझ्याकडे माझ्यासाठी रुमाल नव्हता.

बुधवारी अकरा वाजता या. मुलीलाही आणा, तिच्या मामीला तिने अजून पाहिलेलं नाही.

तुमची,
वहिनी